माय, तुझे सोमवार

माय, मी रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात रक्ताच्या नळ्या धुते. तुला जाऊन वीस वर्षं झाली. माझी शाळा चौथीतच सुटली, गोड लिहिता येत नाही, म्हणून सरळ लिहिते.

आमच्या डॉक्टरीणबाई पोटाच्या रोग्यांचं रक्त तपासून राहिल्या. त्या म्हणतात, एक जंतू लहानपणीच पोटात घर करतो, जखम करतो, आणि एखाद्याच्या जखमेची पुढं गाठ होते. शरीर त्या जंतूशी भांडत राहतं, त्या भांडणाची खूण रक्तात सापडते. मी विचारलं, उपासानं होते का ही गाठ? "नाही. गाठ झाली की माणसाला जेवणच जात नाही," त्या म्हणाल्या. मी नळ्या धूत राहिले.

दीक्षा घेऊन आपण सगळे देव घराबाहेर काढले होते, आणि तू ताट सरकवून म्हणायचीस, आज माझा सोमवार आहे. मग गुरुवार आला, शनिवार आला. मला लाज वाटायची. विहारात सगळ्या बायांसमोर मीच उठले. म्हटलं, "माही माय अजून उपास करते. पोट दुखते ते त्याच्यानंच." बायांनी तुला नाही नाही ते ऐकवलं. घरी आणून मी समोर बसून तुला भाकर खायला लावली. तू एवढंच म्हणालीस, "खातो ना वं, काहून चिडतं?" सकाळी मोरीमागं राखेनं झाकलेली ओकारी दिसली, काळी, चहाच्या चोथ्यासारखी. त्यावरूनही मी तुलाच बोलले. दुखतं म्हणून जेवण जात नाही, असं म्हणाली असतीस तर दवाखान्यात न्यावं लागलं असतं. तू देवाचं नाव सांगितलंस आणि मला ते खरं मानणं सोपं गेलं.

बाईंनी माझंही रक्त पाहिलं. खूण आहे. "ती बहुतेकांत निघते, गाठ होतेच असं नाही, पण तुझ्या मायचं ऐकून मी तोंडातून नळी घालून पोट पाहणार," बाई म्हणाल्या. तीनदा बोलावलं. गेले नाही.

काल सुनेनं वाढलं. दोन घासांत पोट पेटलं, मी ताट सरकवलं. ती म्हणाली, "काहून जी आई, जेवत नाही?" मी म्हटलं, आज माझा सोमवार आहे.

काल बुधवार होता, माय.