आईचा उजवा हात

कार्दित्सा, ग्रीस, १४ मे २०१९

प्रिय फोतिनी,

श्टुटगार्टात थंडी सरली असेल, खुशाल असशील. इकडे सगळं ठीक. मांजरीला परत पिल्लं झाली. माझी कंबर कुरकुरतेच आहे. गिरणीला टाळं लागलं, तू तिकडे गेलीस, तेव्हापासून तिला काडीचं काम नाही, तरी दुखते.

तू सांभाळतेस ती जर्मन म्हातारी कशी आहे? अजून ताट फेकून मारते का?

बरं, किती आढेवेढे घेऊ. तू बजावलं होतंस, "दादा, मी ऑगस्टात येते, तोवर आईला कुणाला हात लावू देऊ नकोस." दफनभूमीची चिठ्ठी आली, पुरून तीन वर्षं झाली, नियमाप्रमाणे अस्थी काढून जागा रिकामी करा, पुढचे मेलेले खोळंबलेत. हातापाया पडलो, कुणी ऐकलं नाही. गेल्या गुरुवारी आईला काढलं. तुझ्याविना. आधी कळवायचा धीर झाला नाही गं.

अस्थी वाइनने धुवायच्या त्या घरच्या बायकांनी. आपल्या घरात बाई उरलीय कोण? मी बाटली धरून ठोंब्यासारखा उभा. शेवटी वेसेलाने बाह्या सारल्या. चार वर्षं आईचं हगणंमुतणं तिनेच काढलं. तिची स्वतःची आई बल्गेरियात वारली, तेव्हा ही आपल्या आईची चादर बदलत होती. धुताना ती तिच्या भाषेत काहीतरी बोलत होती. कोणत्या आईशी, ते मी विचारलं नाही. तू तिकडे त्यांची आई सांभाळतेस, ही इकडे आपली, आणि हिच्या आईपाशी कुणीच नव्हतं. आपण सगळे एक युरोप म्हणतात, तो हाच असेल.

आणखी एक लपवलंय. आई झोपेत गेली नाही. शेवटचे दोन तास वेसेलाचा हात घट्ट धरून "फोतिनी, आलीस?" असं विचारत होती. वेसेला म्हणाली, "आले गं आई."

गुरुवारी सगळं धुऊन झालं, पण उजवा हात तिने मातीसकट बाजूला ठेवला. म्हणाली, "या हाताने मला धरलं, पण नाव लेकीचं घेतलं. हा तिनेच धुवायचा."

फडक्यात बांधून अस्थींच्या पेटीत ठेवलाय. झाकण नुसतं टेकवलंय. वाइनही उरली आहे, मी तोंड लावलेलं नाही.

ऑगस्टात ये.

तुझी वाट बघणारे,
स्तेर्गिओस आणि आई