तपासणीला सोबत

उलवे,
१८ जानेवारी २०२६

प्रिय बाबासो,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद. ऊस गेला का तोडीला?

फोनवर बोललो असतो, पण तू स्पीकर लावतोस आणि सूनबाई, नातवंडं सगळी भोवती असतात. हे एकट्याने वाच.

इकडे ठीक. विमानतळ सुरू झाला, सोसायटीतली पोरं विमानं बघायला गच्चीवर जमतात. तुझी नंदिनीवहिनी गेल्यापासून स्वयंपाक जमेल तसा करतो. बरेचदा चहा-पावावरच भागतं.

मला लघवीचा त्रास होत होता. वर्षभर तरी असेल. घरात दुसरं माणूस असतं तर त्याने विचारलं असतं, सारखे का उठता? मी आपला वय झालं म्हणत राहिलो. शेवटी पनवेलला दवाखान्यात गेलो. रक्त तपासलं, मग प्रोस्टेटचा तुकडा काढून तपासायचा ठरला. 'सोबत कुणीतरी आणा,' म्हणाले. लेकीला, मनालीला, कळवलं नाही, तिला दिवस गेलेत. शेजारी रोज लिफ्टमध्ये भेटतात, पण हे त्यांना कसं सांगायचं?

त्या दिवशी सिस्टरने विचारलं, "नातेवाईक कुठेत?"

"भाऊ गाडी लावतोय," मी म्हटलं.

ती परत आली, मी परत तेच सांगितलं. शेजारच्या खुर्चीवर घणसोली गावातली मैना नावाची बाई बसली होती. नवऱ्याला, गणूला, घेऊन आलेली. तीच उठली.

"सिस्टर, यांचा भाऊस येल तवा येल. तवर मी हाय यांची भईन."

मग मला म्हणाली, "आमच्या यानला पन मीच वढून आनलाय. होल बरा, होल बरा, बोलत बसला होता."

गणू नुसता मान खाली घालून हसला. मला बाहेर आणलं तेव्हा माझा चष्मा पदरात धरून ती तिथेच बसली होती. बाबासो, मला रडू आलं रे.

रिपोर्ट आला. कॅन्सर आहे. एवढं लिहायला पान भरलं बघ. पण बाहेर पसरलेला नाही. उद्या सोमवारपासून रेडिएशन सुरू होईल. बरं होण्यासारखं आहे, म्हणतात.

मी डॉक्टरांना विचारलं, आयुष्यभर खुर्चीत बसून नोकरी केली, पोट सुटलं, त्यानेच झालं का? ते म्हणाले, वजनाचा, राहणीचा थोडाफार हात असेल. पण वय आणि रक्ताचं नातं जास्त मोठं. मग त्यांनी वडिलांबद्दल विचारलं. आण्णा शेवटी कंबर धरून विव्हळायचे, आपण तेल चोळत राहिलो, तालुक्यापलीकडे कुणी नेलं नाही. तेच होतं का, आता कोण सांगणार? पण डॉक्टर म्हणाले, "भाऊ असेल तर त्याला तपासायला सांगा."

दिवाळीत तू जेवणावरून सारखा उठून परसात जात होतास. मी पाहिलं आणि गप्प बसलो. तू रानात राबतोस, अंगाने सडसडीत आहेस, म्हणून निर्धास्त राहू नकोस. जिल्ह्याला जा, पीएसएची रक्ततपासणी म्हणून सांग. लाजू नकोस. घरी बायकोला सांगून जा.

आणि रिपोर्ट कसाही आला तरी चार दिवस इकडे ये. फार बोलायला नको. नुसता घरात वावर, एवढंच हवंय.

जिवंत आहे आणि तुझी वाट पाहतो आहे,

तुझा दादा
दिनानाथ