आप्पांचं मेमरी कार्ड

लालबाग,
शुक्रवार, ९ जानेवारी २०२६

ती. दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. घालायची पद्धत आहे म्हणून घातला, मनातून किती घातला ते विचारू नकोस. इकडे आम्ही ठीक. आम्ही म्हणजे मी. प्रितीवहिनीने पाठवलेलं कुळथाचं पीठ आणि सोलं शेजारच्या अवधूतने गावाहून येताना आणून दिली. पिठी तिच्यासारखी होत नाही, पण सांगू नकोस तिला.

तुझं पत्रही दिलं त्याने. चार वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. आठ फेब्रुवारीच्या रविवारी वाडीची राखण देतोयस, आप्पा गेल्यावरची पहिली, आणि वाडी सांभाळणाऱ्या राखणदाराच्या दगडापुढे कोंबडा-नारळ ठेवून गाऱ्हाणं या वेळी तुलाच घालायचंय, हे वाचलं. शेवटच्या आजारपणात आप्पांना गावाला जाता येईना, तेव्हा त्यांनी इथेच खाटेवर बसून गाऱ्हाणं घातलं आणि मोबाईलमध्ये बोलून ठेवलं, हे मीच वहिनीला बाराव्याला बोलून गेले होते. बोलले नसते तर बरं झालं असतं. पाठवते. त्यांच्या फोनचं मेमरी कार्ड पत्र्याच्या डब्यात आहे, कवळीच्या डबीशेजारी. तुझ्या बटणांच्या फोनवर काही पाठवता येत नाही, आणि बोलायला गेलं तर दुसऱ्या मिनिटाला आपण भांडतो, म्हणून कार्डाचं काहीतरी करून अवधूतच्या हाती देईन. जरा सवड होऊ दे.

सवड का नाही ते ऐक. मी लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवरून एक चिनी डबा घेतलाय. गेम खेळायचा, तळहाताएवढा, उजवीकडे चार बटणं, डावीकडे अधिकच्या चिन्हासारखं एक, मधे इवलासा पडदा. मला गेम खेळायचे नाहीत. मला त्यात लिनक्स घालायचंय. लिनक्स म्हणजे विंडोजसारखंच, कॉम्प्युटर चालवतं ते, फक्त फुकट आणि हट्टी. शाळेच्या लॅबमधल्या जुन्या मशीनवर सोळा वर्षं मीच घालतेय. म्हटलं, त्यांच्यावर जमतं तर या डब्यावर का जमू नये.

का जमू नये ते आता कळतंय. इंटरनेटवर लोक सांगतात, दहा मिनिटांचं काम. लिनक्स एका कार्डावर उतरवायचं, कार्ड डब्यात खुपसायचं, बटण दाबायचं. दाबलं. पडदा काळा. दुसऱ्या दिवशी अक्षरं उमटली ती उलटी, डोक्यावर उभी. मग शोध लागला की या बहाद्दरांनी एकाच नावाच्या डब्यात दोन तऱ्हेचे पडदे बसवलेत, आणि आपला कुठला हे मागचं झाकण उघडून नंबर वाचल्याशिवाय कळत नाही. चारांपैकी तीन स्क्रू निघाले. चौथ्याने माझ्या नाकी नऊ आणले. शेवटी खाली मोबाईल दुरुस्तीवाल्या भावेशकडे गेले. त्याने तो दोन मिनिटांत काढला आणि विचारलं, “ताई, लिनक्स टाकून करणार काय पण?”

“चालू होईल,” मी म्हटलं.

“चालू तर आत्ता पण आहे ना.”

आता कार्डांचा घोळ. फुटपाथवरून घेतलेली दोन्ही कार्डं नकली निघाली. वर लिहिलंय चौसष्ट जीबी, आत मावतं सहा, आणि ते अर्धा तास सगळं गिळून शेवटी ओकतं. मी तीनदा घातलं, तीनदा ओकलं.

तू म्हणशील, एवढ्या वयात हे नसते उद्योग कशाला. सहा वर्षं संध्याकाळी सात ते नऊ आप्पांची पेज, गोळ्या, पाय चेपणं, बातम्या मोठ्याने वाचून दाखवणं. आता सात वाजतात आणि माझ्या हातांना काही काम नसतं. दुसरं काही नाही.

वहिनीला नमस्कार सांग. कोंबडा रुबाबदार बघून घे.

तुझी बहीण,
प्राची

लालबाग,
सोमवार, १९ जानेवारी २०२६

ती. दादास, नमस्कार.

आनंदाची बातमी आधी. डबा चालला. परवा शनिवारी दुपारी पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धो धो धावल्या, सरळ, डोकं वर पाय खाली, आणि शेवटी नाव विचारून थांबल्या. मी नाव घातलं. मला आत घेतलं. भावेशला दाखवायला गेले तर तो गिऱ्हाइकाच्या फोनला काच चिकटवत होता. त्याने मान वर करून बघितलं आणि म्हणाला, “छान आहे. आता?” या माणसाला एक दिवस मी सुनावणार आहे.

चालला म्हणजे अगदीच सुतासारखा सरळ नाही. आवाजाचं बटण दाबलं की उजेड वाढतो आणि उजेडाचं दाबलं की डबा बंद पडतो. वाय-फाय फक्त मोरीच्या दाराशी उभं राहिलं की मिळतं. कीबोर्ड नाही म्हणून वायरीने शाळेचा जुना जोडलाय, तो डब्याच्या दसपट मोठा, त्यामुळे हत्तीवर माहूत बसावा तसा माझा डबा दिसतो. चांगलं कार्ड घरातच सापडलं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

आता तुझ्या त्या रेकॉर्डिंगचं. ऐक, आवाज फार खराब आहे. आप्पांना तेव्हा धाप लागायची, मधे मधे खालच्या गाड्यांचे हॉर्न, तुला त्यातून ओ की ठो कळणार नाही. त्यापेक्षा गुणाजीकाकांना विचार ना. अवधूतचे वडील चाळीस वर्षं त्यांच्या घरची राखण देतायत. गाऱ्हाणं म्हणजे शेवटी सगळ्यांचं एकच, ‘बा म्हाराजा’ने सुरू होतं आणि प्रत्येक वाक्यापुढे बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. त्यांच्याकडून उतरवून घे आणि मोकळा हो.

आणि इतकं आप्पांचंच हवं होतं तर ते होते तेव्हा यायचं होतंस. रिक्षा दारापर्यंत यावी म्हणून राखणदाराच्या दगडाशेजारचा सातवीण तू तोडलास. आप्पा चिडले आणि फोनवर म्हणाले, “राखण्याच्या झाडार कुऱ्हाड घातलंस, आता माझ्याशी बोला नको.” म्हाताऱ्या माणसाने रागात म्हटलेलं तू चार वर्षं अक्षरशः पाळलंस. एवढा आज्ञाधारक तू कधीपासून झालास? बाराव्याला आलास, दारात उभ्याने पाणी प्यायलास, संध्याकाळच्या गाडीने परत. मागे आवरायला कोण होतं, ते तुला माहीत आहे.

जाऊ दे. लिहायचं नव्हतं हे. पत्र फाडून दुसरं लिहायचा कंटाळा आलाय.

प्राची

लालबाग,
शुक्रवार, ३० जानेवारी २०२६

दादा,

तुझं पाच ओळींचं पत्र मिळालं. “गुणाजीकाकांचं गाऱ्हाणं त्यांच्या घराचं. झाड मी तोडलं. त्या दगडापुढे उभं राहायचं तर मला आप्पांच्या शब्दांत उभं राहायचंय. आवाज खराब असला तरी चालेल.” मी ते ओट्याशी उभी राहून वाचलं आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरले. भाताचा लगदा झाला.

रेकॉर्डिंग नाही आता. मी पुसलं.

इथे आधी ‘चुकून पुसलं गेलं’ असं लिहिलं होतं. ते खोडलंय, दिसेलच तुला. नकली कार्डांनी डोकं फिरलं होतं, आणि घरात खरं कार्ड एकच होतं, पत्र्याच्या डब्यातलं. त्यातलं सगळं शाळेच्या कॉम्प्युटरवर कधीतरी उतरवून ठेवलंय, असं मी स्वतःला सांगितलं. उतरवलंय की नाही हे उठून बघायला मला एक दिवस लागला असता. बघितलं नाही. लिनक्स घालण्याआधी स्क्रीनवर विचारतात, या कार्डावरचं सगळं जाईल, पुढे जायचं का. कार्डाचं नाव तिथे होतं, मीच कधीतरी दिलेलं, ‘आप्पा’. बोट थांबलं माझं, अगदी नीट थांबलं. मग मी ‘हो’ दाबलं.

सोमवारी शाळेत बघितलं. काहीही उतरवलेलं नव्हतं.

मग पुसलेलं परत आणणारा प्रोग्रॅम लावला, पाच संध्याकाळी लावला. आणि काय परत आलं माहीत आहे? आप्पांना कोण कोण पाठवायचं ते गुड मॉर्निंगचे गुलाब. तीनशे बारा गुलाब, एकही न कोमेजलेला. आप्पांच्या स्वतःच्या अंगठ्याचे फोटो. आयुर्वेदिक तेलाची जाहिरात, दोनदा. हरवायला हवं ते सगळं परत आलं आणि गाऱ्हाण्याची फाईल तेवढी फुटकी, उघडतच नाही. मी त्या डब्यावर इतकी चिडले की खिडकीतून फेकणार होते. पण डब्याने काय केलं होतं? पुसण्याआधी मला विचारलं तर होतं.

आता का ते लिहिते. हे लिहायला मला तीन पत्रं लागली.

ते गाऱ्हाणं झालं तेव्हा मी तिथेच होते. खिडकीत पाटावर नारळ, आप्पा खाटेवर पंचा गुंडाळून, आणि ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला दुसरं कोणी नाही म्हणून मी, हातात पेजेचा टोप घेऊन. नेहमीचं सगळं झालं, वाडी, सीमा, गुरंढोरं, घरातली माणसं. मग आप्पा थांबले, आणि हे नेहमीचं नव्हतं: “बा म्हाराजा, माझ्या अभयाच्या हातसून तुझ्या झाडाक लागला. तो माझ्याशी बोलणा नाय, पण तुझ्या सावलीत रवता. त्येचा काय चुकला-माकला असात ता पदरात घे. त्येका सांभाळ. आणि जमात तर घराक हाड.”

तुला घरी आण, असं मागितलं त्यांनी, आणि मी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं.

दादा, मी वाट बघत होते. आता माझं नाव येईल म्हणून. सहा वर्षं त्या माणसाचे पाय चेपले मी. आप्पांनी ओंजळ कपाळाला लावली आणि म्हणाले, “पेज गार जाली काय गो?”

मला माहीत आहे, समोर असलेल्या माणसासाठी कोणी देवाकडे मागत नाही. वर्षभर हेच घोकतेय. तरी झोंबलं ते झोंबलंच. म्हणून त्या दिवशीही तुला कळवलं नाही. आप्पांना तुझी क्षमा मागायची नव्हती, तुझ्यासाठी मागायची होती, आणि ती मागून झाल्यावर ते आणखी सात महिने होते. सात महिन्यांत एक फोन केला असता तर तू आला असतास. हे मी करू शकले असते आणि केलं नाही. पुसलं त्याच्यापेक्षा हे मोठं आहे. यासाठी तू माझ्याशी बोलायचा थांबलास तर मी काही म्हणणार नाही.

पण एक करता आलं ते केलंय. लहानपणापासून दरवर्षी राखणीला तू पोरांबरोबर नदीवर पळायचास, आठवतं? मी आप्पांच्या मागे उभी असायचे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाऱ्हाणं पाठ आहे मला, हे मलाच माहीत नव्हतं. परवा खिडकीत नारळ ठेवला, दार लावलं आणि बोलले. आपल्या घरात बाईने कधी घातलेलं नाही. राखणदाराला चालत नसेल तर मला शिक्षा करू दे, तू स्वतःला दोष लावून घेऊ नकोस. तुझ्याबद्दलचं आप्पांचं वाक्य शब्दाला शब्द तसंच आहे, त्यात मी काही घातलेलं नाही आणि काही गाळलेलं नाही.

ते या पत्राबरोबर पाठवतेय, त्या डब्यात. भावेशने आवाजाचं बटण दुरुस्त करून दिलं. डबा सुरू केलास की आधी पांढऱ्या ओळी धावतील, घाबरू नकोस, काही दाबू नकोस. थांबल्या की उजवीकडचं वरचं बटण. तो आता एवढंच करतो, दुसरं काही येत नाही त्याला. दगडापुढे मात्र तो वाजवू नकोस. आठ दिवस आहेत, पाठ कर आणि तुझ्या तोंडाने घाल.

तुझ्या वाक्यानंतर मी सात-आठ सेकंद गप्प राहिलेय. डबा बिघडला असं समजू नकोस. तिथे आप्पांनी काही म्हटलं नाही, म्हणून मीही म्हटलं नाही. तू गाऱ्हाणं घालशील तेव्हा त्या जागेवर, तुझ्या मनात आलं तर, माझं नाव घे. नाही आलं तर पुढे जा, मी समजून घेईन.

सात तारखेला, शनिवारी रात्रीच्या एसटीने निघतेय. घरात घ्यायचं की नाही ते तू ठरव. मी वहाळापाशी उतरून थेट राखणदाराकडे येईन. गाऱ्हाणं घालायला एक माणूस लागतो, पण त्याला हो म्हणायला मागे कोणीतरी उभं लागतं.

तुझ्या मागे उभी,
‘व्हय म्हाराजा’ म्हणायला,
प्राची