गुडघ्यातला पट्टा

११ जाने. १९३८, मंगरूळपीर
तालमीत वस्तादांच्या जावयाशी, किसनशी सराव. माझा पाय मातीत रोवलेला, त्यानं टांग घालून अंग उलटं पिळलं. गुडघ्यात टक् झालं. वस्ताद म्हणाले, "मास्तर, लचक हाये. हळद लावा, बसून राहा." उरुसाची मोठी कुस्ती माझी ठरलेली, आणि हे असं. किसननं पाठीवर घेऊन घरी आणलं. रडत होता. मीच समजूत काढली, खेळात व्हायचंच.

२ फेब्रु.
सूज गेली, पण वळताना गुडघा निसटतो. आज फळ्याकडे वळलो नि पोरांसमोर आडवा. बायको: "हळद पुरे झाली आता. वाशीमले डाक्टरकडं जा."

५ फेब्रु.
वाशीम. डॉ.नी नडगी पुढे ओढली, ती सरकली. मांडीच्या हाडाला नडगी बांधणारा आतला पट्टा तुटलाय म्हणे. कधी भरेल विचारलं, तर सूक्ष्मदर्शकाजवळ बसवलं. काचेवर बकऱ्याच्या गुडघ्यातल्या तशाच पट्ट्याचा पातळ काप, रक्तवाहिन्यांत आधी काळी शाई भरलेली. नागमोडी धागे एकमेकांना लागून, मधे बारीक लांबट पेशी. शाई वरच्या आवरणात दाट, आत तुरळक. हाडाला चिकटतो तिथे जवळजवळ कोरडं. "रक्त ह्या आवरणातून येतं. तेच फाटलं तर आत कोण पोसणार? सांध्याबाहेरचा पट्टा असता तर जुळला असता. कुस्ती विसरा."
घरी फक्त बायकोला सांगितलं.

उरुसानंतर
माझ्या जागी किसन उतरला, जिंकला. वस्तादांनी जावयाला खांद्यावर घेतलं. मी काठी धरून टाळ्या वाजवल्या. मनापासून.
संध्याकाळी किसन घरी आला. फेटा काढून खाली बसला.
"बापू, मामंजीनं सांगतलं होतं. मास्तरले उरूस होईतवर बसव म्हने. मले वाटलं, लचकंल अन् भरंल."
मला पहिला लंगोट ह्याच वस्तादांनी बांधला. आणि किसनची मी समजूत काढली होती! ह्याचीच लाज जास्त.

दुसऱ्या दिवशी
तालमीवरून शाळेत जायचो. आज मागच्या गल्लीनं गेलो, लांब पडतं.
परत आलो तर किसन ओट्यावर. "पुढच्या उरुसाले तूच लढ. मी नाई उतरत, मामंजी काईबी म्हनो. भरंल न तवर गुडघा?"
डॉ. काय म्हणाले, त्याला ठाऊक नाही.
आत ये म्हणालो नाही. जा असंही नाही. बायकोनं पाणी दिलं त्याला. हे लिहितोय, तो अजून बाहेर बसलाय.