कोयंड्यातला आवाज

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.
पूजा आटोपून फोन बघितला. ह्यांच्या नावाखाली 'ऑनलाइन'. माणूस जाऊन दीड वर्ष झालं. मी घाबरले नाही, हे इथं नोंदवून ठेवते. फक्त दूध उतू गेलं. तीळ अर्धा किलो, गूळ एक किलो. भाव चढलेत.

१५ जानेवारी, बुधवार
आज फोटो पण आला. काळा चष्मा, मोटारसायकल, मागं समुद्र. हे सोलापूरच्या पुढं कधी गेले नाहीत. तिकडं गेल्यावर माणूस बदलत असेल.
रुद्रेशला दाखवलं. म्हणाला, "आई, पप्पांचा रिचार्ज तूच बंद केलास ना? कंपनीनं नंबर दुसऱ्याला दिला."
केला बंद. बरोबरच केला. न बोलणाऱ्या फोनात पैसे कशाला घालायचे? पण म्हणून परक्याला द्यायचा? म्हटलं, आता तो चष्मेवाला ह्यांचं सगळं ऐकणार. तर म्हणे, "जुनं काही त्याच्याकडं जात नाही गं." ह्या सॉफ्टवेअरवाल्यांना सगळंच सोपं वाटतं.

१८ जानेवारी, शनिवार
निर्णय घेतला. ह्यांना टाइप करायला येत नव्हतं. बाजाराला गेले की बोलून पाठवायचे. तो सगळा आवाज माझ्या फोनात उघड्यावर पडलाय. मी कधी ऐकत बसत नाही. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दुपारी कधीतरी.
रुद्रेश दिवसा पुण्याच्या कंपनीचं काम घरातून करतो आणि नंतर स्वतःचं. एक प्रोग्राम जाहिराती पळवतो, दुसरा कोण आपल्यावर नजर ठेवतंय ते सांगतो, तिसऱ्याचं नाव कोयंडा. त्याचा पगार कोणी देत नाही, लाइटबिल मात्र येतं. आजवर मी त्यावरून त्याला बोलत होते. आज म्हटलं, बापाचा आवाज तुझ्या कोयंड्यात घाल.
पोरगा लई खूश. "आत ठेवलेलं कंपनीला दिसत नाही, सरकारला दिसत नाही, मी बनवलंय तर मलापण उघडता येत नाही!"
पासवर्ड विसरला तर?
"तर गेलं. 'विसरलात का' असं बटणच ठेवलं नाही. तेच तर भारी हाय."
मला काय भीती? लग्नाच्या साली मिठाचा भाव काय होता, ते अजून सांगते.
तो म्हणत होता, एक कॉपी फोनात राहू दे. म्हटलं, पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं सताड उघडं? त्यानं सगळं कॉम्प्युटरवर घेतल्यावर फोनातलं माझ्या हातानं पुसलं.

१९ जानेवारी, रविवार
पासवर्ड लांब पाहिजे म्हणे. अख्खं वाक्य. कुठं छापलेलं नको, कुणी ऐकलेलं नको, आणि कागदावर उतरवायचं नाही. एक अक्षर इकडंतिकडं चालणार नाही.
मला लगेच सुचलं. उखाणा! माझा स्वतःचा, ताजा. मॅट्रिकला मराठीत मी शाळेत पहिली होते. ह्यांचं नाव तोंडानं घेत नाही, ह्या वहीतही लिहीत नाही. उखाण्यातच काय ते घ्यायचं. आणि हे गेल्यापासून मला उखाणा विचारतंय कोण? कॉम्प्युटरनं विचारला. चार ओळी टाइप केल्या, शेवटी नाव. नाव टाइप करायला जरा वेळ लागला. थंडी होती.
नेम धरला. महाशिवरात्रीपर्यंत आवाज ऐकायचा नाही. खंडोबाच्या पायरीवर बोलून आले.

२५ जानेवारी, शनिवार
घरात फार शांत आहे. भाकरी थापताना उखाणा म्हणून बघितला. दुसऱ्या ओळीतला 'दिवा' लेचापेचा वाटला. 'समई' केलं. लगेच उजेड पडला.

२ फेब्रुवारी, रविवार
शेजारच्या कडूबाईकडं हळदीकुंकू. मला म्हणाली, "अक्का, तुम्ही आत वाणाचं बघा." बघितलं. बाहेर तिची नवी सून निकिता उखाण्यात अडकली. मी दाराआडून ओळ पुरवली. टाळ्या पडल्या. कडूबाई आत येऊन म्हणते, "अक्का, तुमच्यात लई माल हाय की अजून!"
मला कोणी विचारलं नाही. वाईट वाटलं नाही. माझा उखाणा कुलपात आहे. येताना वाटेत तिसरी, पायरीची ओळ पहिली केली. आता चाल बसली.

१० फेब्रुवारी, सोमवार
उपास. ह्यांच्या नावावरून आज 'गुड मॉर्निंग' आलं, गुलाबासकट. चष्मेवाला सगळ्यांना पाठवत असेल. मी उत्तर दिलं नाही. दिलं होतं, पुसलं.
दुपारी खोकल्याचा आवाज आला. ह्यांचाच. बाहेर जाऊन बघितलं, शेळी होती.
उखाण्याचं यमक पक्कं केलं. आधी 'ओटी'ला काय जुळवलं होतं, ते आठवत नाही. आठवून करायचं काय? आताचं सरस आहे. असे शंभर झाले की पुस्तक काढायचं. छपाईचा खर्च विचारून ठेवला पाहिजे.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र.
पहाटे अंघोळ, लिंगपूजा, धुतलेलं लुगडं. नेम पुरा झाला. कॉम्प्युटरपुढं बसले. उखाणा घातला. 'चूक.' सावकाश घातला. 'चूक.'
कॉम्प्युटरला कवितेतलं कळत नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
रुद्रेश म्हणाला, "आई, पहिला कसा होता तो सांग."
म्हटलं, पहिला कच्चा होता.
"कच्चाच पाहिजे गं!"
मग मी म्हणत गेले आणि तो टाइप करत गेला. दिवा घालून, समई घालून, पायरी पुढं, पायरी मागं. दर वेळी शेवटी ह्यांचं नाव, मोठ्यानं, पोरासमोर. प्रत्येक चुकीनंतर कोयंडा जास्त वेळ थांबवतो. चोर कंटाळावा म्हणून तशी सोय केलीय म्हणे. कडूबाई विरजण मागायला आली होती. दारात उभी राहून ऐकत होती. वाटी तशीच घेऊन परत गेली.
पोरगा म्हणाला, "मी लई चांगलं बनवलं, आई." मग कॉम्प्युटर मिटला आणि त्यावर डोकं टेकलं.

२ मार्च, रविवार
रडण्याचं कारण नाही. तोडगा सापडला. ह्यांचा शब्द न् शब्द मला पाठ आहे. आठवून लिहून काढायचं, की कोयंड्याची गरजच नाही. आज एका बैठकीत बारा पानं झाली. नमुना: 'गृहिणी, सांजवेळी पाखरं घराकडं परतू लागली की तुझ्या हातच्या भाकरीचा सुगंध मला साद घालतो.' वाचताना अंगावर काटा आला. आवाजापेक्षा हेच बरं.

५ मार्च, बुधवार
रुद्रेशला वाचून दाखवलं. मान खाली घालून ऐकत होता. तिसऱ्या पानावर म्हणाला, "आई, पप्पा असं बोलायचे?"
मग कसं?
"सांजवेळ कधी म्हणाले पप्पा? 'येतो' म्हणायचे."
मी चिडले. म्हटलं, तुला साहित्यातलं काय कळतंय? तो उठून गेला.
नंतर बसून माझं होतं तेवढं खोडत गेले. सुगंध, पाखरं, साद. बारा पानं खोडली. खाली एकच उरलं. फोन कानाला नाही, तोंडापुढं धरायचे. घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "हां, ऐकू येतंय का?" कितीदा सांगितलं, अहो, हा फोन नव्हे, पलीकडून कोणी बोलणार नाही. तरी विचारायचेच. आणि उत्तर येईल म्हणून जरा थांबायचे.
त्याच्या पुढं काय म्हणायचे, ते आठवत नाही.