सरोजवहिनींनी नेलेले तुरे

शनिवार, संध्याकाळ

शेजारच्या सरोजवहिनींनी माझ्या पॅम्पास गवताचे तुरे कापून नेले. न विचारता. मी अंबरनाथला ताईकडे गेले होते, परत येऊन बघते तर कुंपणापाशी नुसते बोडके दांडे. वर्षभर हीच बाई अख्ख्या खरवईत सांगत फिरली, "हिने जंगल वाढवलंय, साप येतील." आता लेकीच्या साखरपुड्याच्या डेकोरेशनला तेच जंगल लागलं.

जाब विचारायला गेले तर हसल्या. "अगं, गवतच ना ते, परत येईल." हॉलमध्ये पाटांमागे माझे तुरे उभे. वर मलाच विचारतात, "असेच ठेवले तर चालतील ना?"

पूर्ण फुललेल्या तुऱ्यांवर हेअर स्प्रे मारावा लागतो, नाहीतर वारा लागला की कापूस उडतो. सांगणारच होते. मग ते बोडके दांडे डोळ्यांसमोर आले. म्हटलं, "चालतील की. पंखा जोरात ठेवा, छान डुलतात."

पोरीचं काय चुकलं, असं मघापासून मनात येतंय. येऊ दे.

उद्या साखरपुड्याची पंगत त्याच हॉलमध्ये, जेवायला बासुंदी आहे म्हणे. मी जाणार. वाटी मात्र पालथी ठेवणार.