मेलबर्न ते अकोला, तीस तास

अकोला,
१८ डिसेंबर २०२४

प्रिय रागिणी,

दादाचा आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. थंडी चांगली पडली आहे, तुरीला शेंगा धरल्यात. आमच्या पियुषची परीक्षा आटोपली. तुझ्या चंदावहिनीचे गुडघे दुखतात, पण ती काही ऐकत नाही. जावईबापू आणि पोरं खुशाल असतील. तुमच्याकडे आता उन्हाळा, नाही का?

काल आईची तेरवी झाली. "आता कोणासाठी येऊ?" तू फोनवर म्हणालीस, आणि मी कामाचं निमित्त करून फोन ठेवला.

तुझा मेसेज वाचला. फोन करायचं धाडस होईना, म्हणून कागद घेतला. तू लिहिलंस, "चूक माझीच दादा. त्या सोमवारी कोणाचं न ऐकता विमानात बसले असते तर आई भेटली असती."

मेलबर्न ते दिल्ली दहा हजारांवर किलोमीटर, साडेबारा तास. दिल्लीत थांबणं. मग नागपूर पावणेदोन तास. तिथून गाडीनं अमरावती, मूर्तिजापूर करत अकोला, साडेचार तास. सगळं धरून तीस. हे मी त्या सोमवारी आईच्या उशाशी बसून मोबाइलवर काढलं होतं. तुझा फोन त्यानंतर आला. बुधवारी सकाळी तू इथे असतीस, हे मला ठाऊक होतं.

"दादा, पोचीन का मी?" तू विचारलंस.

"नको निघू," मी म्हणालो. "डॉक्टर म्हणतात, संध्याकाळचाही भरवसा नाही. तू विमानात असतानाच काही झालं तं?"

डॉक्टर तसं बोललेच नव्हते. ते म्हणाले होते, "तीन-चार दिवस आहेत. कोणाले बोलवायचं असन तं आजच बोलवा."

अकरा वर्षं आईची आंघोळ, औषध, उठणं-बसणं चंदानं आणि मी केलं. तरी घास तोंडाशी नेला की ती विचारायची, "रागिणी जेवली असन का?" त्या दिवशीही डॉक्टरांची पाठ फिरताच तिनं तुझंच नाव घेतलं. मला वाटलं, एवढे तीन दिवस तरी आई माझ्या एकट्याची असू दे. दुसरं काही कारण नव्हतं. लिहितानाही लाज वाटते.

आणि तिला मात्र मी सांगितलं, की तू निघालीस.

"कुठलोक आली रे?" ती सारखी विचारायची. मंगळवारी म्हणालो, दिल्लीले उतरली. बुधवारी म्हणालो, नागपूरचं विमान लेट आहे. तू फोन केलास की "आई झोपली" सांगायचो. ती जागी असायची, दाराकडे बघत.

गुरुवारी सकाळी म्हणालो, "मूर्तिजापूर सोडलं, आई."

"दमली असन पोरगी," ती म्हणाली. "चंदाले म्हण, पाणी तापव."

चंदाला सगळं ठाऊक होतं. तिनं खरंच पाणी तापवलं, आणि मागच्या खोलीत जाऊन रडली. दुपारी दोनला आई गेली. तेव्हापासून चंदा माझ्याशी कामापुरतं बोलते.

माफ कर असं लिहायचा मला हक्क नाही. पण तू स्वतःला दोष देऊ नकोस. तू बॅग भरून उभी होतीस, मी तुला निघू दिलं नाही. आई शेवटपर्यंत तुझी वाट बघत होती, आणि तू येते आहेस याच आनंदात गेली. तो आनंद खोटा होता, हे आता फक्त आपल्या तिघांना माहीत आहे.

अजून म्हणवत असेल तर,
तुझा दादा
किशोर